पाटीवर नाव कुणाचं

हौसेने बदलून, नव्याने बांधलेल्या गाड्यांच्या प्रदर्शनात गेले की मी गाडीआधी तिच्यासमोरची पाटी वाचते. रंग, चाकं, इंजिन दुरूनही दिसतं. पाटीवर काय लिहिलंय आणि काय गाळलंय, हे मात्र जवळ गेल्याशिवाय कळत नाही. लास व्हेगसच्या सेमा शोमधल्या गाडीची पाटी लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांच्या यादीसारखी असते: चाकं अमुक कंपनीची, टायर तमुक कंपनीचे, सस्पेन्शन, सीट, रंग, एक्झॉस्ट, स्टिकरची फिल्म, पॉलिशसुद्धा. सगळ्यांचे लोगो, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या आकारात. डेट्रॉइटच्या ऑटोरामात वरच्या मजल्यावर पाटी छोटी असते, मालकाचं नाव ठळक आणि खाली गाडी बांधणाऱ्या गॅरेजचं. आणि त्याच इमारतीच्या तळमजल्यावर बऱ्याच गाड्यांना पाटीच नसते. तिथे गाडीशेजारी घडीच्या खुर्चीत एक माणूस बसलेला असतो, त्यालाच विचारायचं.

मी रंगाच्या धंद्यात आहे. कारखान्यात मोटारीला रंग लागतो त्या प्रक्रियेवर लक्ष ठेवणं हे माझं मिशिगनमधलं काम. त्यामुळे ही प्रदर्शनं माझ्यासाठी थोडी कामाची आणि पुष्कळशी हौसेची. आणि तिथे जमणाऱ्या लोकांमध्ये एक वाद कायम चाललेला असतो: कंपन्यांच्या पैशावर उभी राहिलेली गाडी खरी, की स्वतःच्या खिशातून केलेली? स्वतःच्या खिशातून करणारे म्हणतात, फुकटची चाकं मिळाल्यावर कुणीही गाडी करील. प्रायोजकवाले म्हणतात, तुमच्याकडे बापाचा पैसा आहे, आमच्याकडे नाही. दोन्ही बाजूंचं मी पुष्कळ ऐकलंय. माझं मत असं, की पैसा कुणाचा हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा प्रश्न आहे. हात कुणाचे होते, आणि गाडी कधी पुरी झाली हे कुणी ठरवलं, हे विचारायला हवं.

आधी सेमाबद्दल. ही मूळची रेसिंगचे सुटे भाग बनवणाऱ्यांची संघटना, १९६३ साली स्थापन झालेली. पहिलं प्रदर्शन १९६७ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये भरलं, आणि १९७७ पासून ते लास व्हेगसला असतं. दर नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथलं कन्व्हेन्शन सेंटर गाड्यांनी भरून जातं. पण हा मुळात व्यापाऱ्यांचा मेळा आहे हे विसरून चालत नाही. इथे गाडी पुरस्कारासाठी येत नाही, माल दाखवायला येते. स्टॉल घेतलेल्या एखाद्या कंपनीने हात धरल्याशिवाय तिला आत जागाच मिळत नाही. २०१४ पासून गाडी बांधणाऱ्यांची स्पर्धाही तिथे होते, आणि ती चुरशीची असते. तरी छत्र व्यापाराचंच.

आमच्या ओळखीतला नाशिकचा एक मुलगा आहे, इथे एका सुट्या भागांच्या कंपनीत इंजिनिअर. त्याची गाडी सेमाला गेली तेव्हा सगळा प्रकार मी जवळून पाहिला. सुरुवात गाडीने झालीच नाही, चित्राने झाली. एका मुलाकडून त्याने संगणकावर गाडीचं चित्र करून घेतलं, हुबेहूब फोटो वाटावा असं, आणि ते चित्र जोडून कंपन्यांना पत्रं लिहिली. तेव्हा खरी गाडी त्याच्या दारात मूळच्या रंगात, मूळच्या चाकांवर उभी होती. एका चाकवाल्या कंपनीने होकार दिल्यावर दुसऱ्यांचे होकार सोपे झाले. लोकांना वाटतं प्रायोजक म्हणजे पैसे देणारा. पैसे जवळजवळ कुणीच देत नाही. चाकं फुकट आली, सस्पेन्शन अर्ध्या किमतीत, रंगाचं सामान फुकट पण लावणावळ ह्याची. ट्रेलरचं भाडं, व्हेगसचं हॉटेल, रजा, रात्रीची जागरणं, सगळं त्याच्याच खात्यावर. बदल्यात किती फोटो, किती व्हिडिओ, कोणत्या तारखेच्या आत, कुणाचा लोगो कुठे, हे सगळं कागदावर.

त्याला गाडी बाटलीसारख्या गडद हिरव्या रंगाची हवी होती. मला नमुनेही दाखवायला आणले होते त्याने, आणि त्यातला एक फार सुरेख होता. सावलीत जवळजवळ काळा, उन्हात हिरवा. पण मिळालेली चाकं गडद राखाडी.

“ताई, ते म्हणाले हिरव्यावर चाकं बुडतात. फोटोत दिसणार नाहीत.”

“मग?”

“मग पांढरी करतोय. चाकं त्यांची आहेत ना.”

गाडी पांढरी झाली. चांगली झाली, हेही सांगते. रंगकाम नीट होतं, मी बोट फिरवून पाहिलंय. पण ती व्हेगसच्या हॉलमध्ये ढकलत नेली, कारण ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायला वेळच उरला नव्हता. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तिथल्या बऱ्याच गाड्या ट्रेलरमध्ये, हॉटेलच्या पार्किंगमध्ये पुऱ्या होतात. कुणाचं आतलं वायरिंग अर्धवट असतं, कुणाचं इंजिन कधी चालूच झालेलं नसतं. नोव्हेंबरचा तो मंगळवार कुणासाठी थांबत नाही, आणि जे दिसत नाही ते मागे राहतं.

मला खुपतं ते एवढंच. प्रायोजकाची चाकं घेण्यात काही कमीपणा नाही. त्या मुलाने मला सरळ सांगितलं, “माझ्या पगारात ही गाडी व्हायला दहा वर्षं लागली असती, आणि तोवर मला हौस राहिली असती का कोण जाणे.” हे खरं आहे, आणि खिशातल्या पैशाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ते ऐकून घ्यायला हवं. पण चित्र आधी पास होतं आणि गाडी त्या चित्राबरहुकूम, त्या तारखेला, उभी करावी लागते. मधे मन बदलायला जागा नाही. पत्रा कापताना एखादी रेषा वेगळी सुचली तर ती सोडून द्यायची. हाताने काम करणाऱ्या माणसाला अर्ध्या गोष्टी काम करतानाच सुचतात. माझे वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करायचे. ड्रॉइंग समोर असायचं, पण जॉब चकमध्ये धरल्यावर ते कधी कधी मशीन बंद करून गप्प उभे राहायचे आणि मालकाला जाऊन सांगायचे, इथे खांदा दिला तर जास्त टिकेल. कधी ऐकलं जायचं, कधी नाही. पण ते उभं राहणं हा कामाचाच भाग होता.

पूर्वी हे उलट्या क्रमानेही होत असे. एड रॉथ हे नाव गाड्यांच्या वेडात पडलेल्यांना ठाऊक असतं. दक्षिण कॅलिफोर्नियातला हा माणूस गाड्यांवर बारीक रेघा मारून, जत्रांमधून टी-शर्टांवर राक्षसांची चित्रं फवारून पैसे मिळवायचा आणि ते आपल्या गाड्यांमध्ये घालायचा. १९५९ सालची त्याची ‘आउटलॉ’ ही प्लास्टरचा साचा करून त्यावर फायबरग्लासचे थर चढवून बनवलेली. कंपनीची मदत नाही, कारखान्याची नाही. ती प्रदर्शनांमधून गाजल्यावर रेव्हेल ही सुटे भाग जोडून करायच्या खेळण्यातल्या मॉडेलांचे किट बनवणारी कंपनी त्याच्याकडे आली. प्रत्येक किटमागे एक सेंट त्याला मिळू लागला, आणि किट लाखांनी खपले. १९६१ ची ‘बीटनिक बँडिट’ तर पुढे १९६८ मध्ये हॉट व्हील्सच्या पहिल्या सोळा खेळण्यातल्या गाड्यांमध्ये आली. आपल्याकडे मुलांच्या हातात त्या मापाच्या गाड्या फिरतात, त्यातल्या कित्येकांचं मूळ अशा एखाद्या माणसाच्या गॅरेजात आहे, हे मला इथे आल्यावर कळलं आणि फार बरं वाटलं.

म्हणजे आधी गाडी, मग कंपनी. पण करार झाल्यावर क्रम फिरला. दर वर्षी नवी गाडी हवी, नवा किट हवा. १९६३ ची ‘मिस्टेरियन’ दोन इंजिनांची होती. बघायला अचाट, पण तिचा सांगाडा ते वजन पेलेना. प्रदर्शनांच्या प्रवासात तो तडकत गेला आणि शेवटी गाडी मोडीत निघाली. पुढच्या वर्षीची ‘ऑर्बिट्रॉन’ हातोहात फिरत दिसेनाशी झाली आणि २००७ मध्ये मेक्सिकोत एका दुकानाबाहेर सापडली. रॉथला दोष द्यावा असं मला वाटत नाही, त्याच्या इतका मुक्त हात फार कमी जणांना मिळाला. पण त्याच माणसाच्या चार-पाच वर्षांच्या कामात दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी दिसतात.

आता दुसऱ्या बाजूकडे, स्वतःच्या पैशाने केलेल्या गाड्यांकडे. त्यांचं सगळ्यात मोठं देऊळ आमच्या गावात, म्हणजे डेट्रॉइटमध्ये आहे. १९५३ साली मिशिगनच्या हॉट रॉड मंडळींनी, म्हणजे जुन्या गाड्या बदलून वेगवान करणाऱ्यांनी, एकत्र येऊन पहिलं ऑटोरामा भरवलं. रस्त्यावरच्या शर्यती बंद व्हाव्यात, त्यासाठी स्वतंत्र ड्रॅग स्ट्रिप, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतींची धावपट्टी, हवी, आणि तिच्यासाठी पैसा उभारायचा, हा हेतू. पुढे डॉन रिडलर या प्रदर्शनाच्या आयोजकांचं निधन झालं आणि १९६४ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला. पहिला रिडलर अल बर्गलर यांच्या ‘मोअर ॲग्रव्हेशन’ या ड्रॅगच्या गाडीला मिळाला. बर्गलर स्वतः पत्र्याचं काम करणारे. ज्याने ठोकलं त्यालाच मिळालं.

आज रिडलरच्या स्पर्धेतल्या गाड्या बघताना माझे डोळे खरोखर दिपतात. नियम असा, की गाडी त्याआधी कुठेही दाखवलेली नसावी. त्यामुळे वर्षानुवर्षं गुपचूप काम चालतं आणि फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला, बाहेर बर्फ आणि रस्त्यावर मीठ असताना, झाकलेल्या ट्रेलरमधून ती उतरते. गाडीखाली आरसे मांडलेले असतात, कारण खालची बाजूही वरच्याइतकीच रंगवलेली असते. इथे माझा धंदा मला गप्प बसू देत नाही. कारखान्यातून निघणाऱ्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १२५ मायक्रॉन भरतात, आणि त्यात संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणा राहतोच. तो ठरावीक मर्यादेत ठेवणं हे माझ्यासारख्यांचं काम. या गाड्यांवर तो नावालाही नसतो. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, चढवायचा, १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासायचा, मग १५००, २०००, ३०००, पुन्हा थर, पुन्हा घासकाम, आणि दरवाजाच्या कडेला जिथे थर हमखास पातळ पडतो तिथे मशीन न लावता हातानेच. एका दरवाजाच्या खालच्या कडेत मी छताच्या दिव्याचं प्रतिबिंब पाहिलं, सरळ सुतासारखं. ती कड कुणी कधी बघणारही नव्हतं. तिच्यावर वाकून किती दिवस गेले असतील याचा मला अंदाज आहे, आणि म्हणूनच पाटीवर त्या माणसाचं नाव शोधलं. नव्हतं.

या गाड्यांचा खर्च दहा लाख डॉलरच्या पलीकडे सहज जातो. पुरस्काराची रक्कम दहा हजार डॉलर. म्हणजे पैशासाठी हे कुणी करत नाही, हे तर उघड आहे. चिप फूझ यांच्यासारखे नावाजलेले कारागीर आपली टोळी लावून वर्षं वर्षं एका गाडीवर बसतात. त्यांनी केलेली १९६५ ची इम्पाला, ‘इम्पोस्टर’, कॉर्व्हेटच्या चॅसीवर इम्पालाचं अंग अशी, २०१५ ला जिंकली. फूझ यांचं नाव निदान जगाला माहीत आहे. पण मालकाने पैसा दिला, गॅरेजने केली, पुरस्कार मालकाच्या नावावर, आणि वेल्डिंग करणारा, लांबी (पुट्टी) भरून घासणारा, गादीकाम करणारा, वायरी बांधणारा, यांची नावं फार तर मंचावरच्या आभाराच्या भाषणात. ‘स्वतःच्या पैशाने’ हे शब्द ऐकायला स्वाभिमानी वाटतात. इथे त्यांचा अर्थ फक्त ‘दुसऱ्या कंपनीच्या नव्हे’ एवढाच उरतो. कारागिराच्या दृष्टीने पैसा चाकवाल्याचा काय आणि शेठचा काय!

तरी एक फरक आहे आणि तो मी नाकारणार नाही. शेठ थांबू शकतो. रंग मनासारखा आला नाही तर खरवडून पुन्हा लावा म्हणू शकतो, या वर्षी नको, पुढच्या वर्षी नेऊ म्हणू शकतो. त्या थांबण्याचा फायदा कारागिराला मिळतो. दरवाजाची ती खालची कड त्यामुळेच तशी होते. म्हणून माझ्या मनात या दोन्हींची तुलना होते तेव्हा झुकतं माप खिशातल्या पैशाच्या गाडीलाच जातं. पण पैशाच्या पावित्र्यामुळे नव्हे, वेळेमुळे.

तळमजल्यावर जायलाच हवं. हंटिंग्टन प्लेसच्या, जुने लोक अजून कोबो म्हणतात त्या इमारतीच्या पोटात, ‘ऑटोरामा एक्स्ट्रीम’ भरतं. वरचा गालिचा इथे नाही, सिमेंटची जमीन, वाजवणाऱ्यांचा ताफा, काळ्या प्रायमरमधल्या, मुद्दाम गंज ठेवलेल्या, छत कापून बुटक्या केलेल्या गाड्या. एका कोपऱ्यात बारीक रेघा मारणारे बसतात. खारीच्या केसांचा, तलवारीसारखा एका बाजूला निमुळता ब्रश. तो जुन्या मासिकाच्या गुळगुळीत पानावर दोन-तीनदा ओढून रंग सारखा करायचा, करंगळी पत्र्यावर टेकवायची, आणि श्वास धरून एका दमात रेघ. एका बाईंना मी बराच वेळ पाहत होते. डावीकडची रेघ मारून झाल्यावर त्या उजवीकडे तिची आरशातली जोडी काढत होत्या, मोजपट्टी न लावता.

तळमजल्यावर पैसा कुणाचा हे कुणी विचारत नाही, कारण उत्तर दिसतच असतं. “कुणी केली?” असं विचारलं तर खुर्चीतला माणूस उठतो. मग बॉनेट उघडतं. ही मोटार कुठल्या शेतावर पडलेली होती, ही चॅसी कुणाकडून आणली, हा जोड चुकला म्हणून इथे पट्टी मारली, हे सांगताना त्याला काही लपवायचं नसतं. हे लोकही सवलतीत माल घेतात, ओळखीने चाकं मिळवतात, मित्राच्या गॅरेजातली वेल्डिंग मशीन वापरतात. सगळं स्वतःचंच असं जगात कुणाचंच नसतं. पण गाडीत पुढे काय करायचं, हे त्यांना कुणाला विचारावं लागत नाही.

आपल्याकडे हे सुख एवढं सोपं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ रचनेच्या विरुद्ध जाणारा बदल गाडीत करता येत नाही. रस्त्यावरच्या सुरक्षेचा विचार केला तर त्यामागचं कारण मला पटतं. मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची वार्षिक तपासणीसुद्धा नाही आणि त्याचे परिणाम इथल्या रस्त्यांवर दिसतात. पण उद्यमनगरात लिलावातल्या जीपा उघडून पुन्हा उभ्या करणारी जी माणसं मी लहानपणी पाहिली, त्यांच्या हातातली कला दाखवायला रीतसर जागा नाही, याचं वाईट वाटतं. एखादं तळमजल्यावरचं प्रदर्शन तिथे भरावं असं मला मनापासून वाटतं. रस्त्यावर नको, हॉलमध्ये, टाकीत जेमतेम पेट्रोल आणि बॅटरी सोडवून ठेवलेल्या गाड्यांचं. इथे सगळ्या प्रदर्शनांत तसाच नियम असतो.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझ असते. १९९५ मध्ये फर्नडेलच्या मुलांसाठी फुटबॉलचं मैदान करायला पैसे जमवावेत म्हणून ती सुरू झाली आणि आता फर्नडेलपासून पॉन्टिॲकपर्यंत हजारो गाड्या सकाळपासून हळूहळू फिरत असतात. मोठ्या कंपन्यांचे तंबूही असतातच. पण रस्ता कुणी विकत घेतलेला नसतो. ज्याची गाडी चालते तो येतो. मागच्या वर्षी काळ्या प्रायमरमध्ये पाहिलेली गाडी पुढच्या वर्षी निळी झालेली दिसते, त्याच्या पुढच्या वर्षी तिला वेगळी सीट असते. एकच गाडी अशी वर्षानुवर्षं बदलताना बघण्यात मला रिडलरपेक्षाही जास्त आनंद मिळतो.

आमच्या शेजारी एक आजोबा आहेत, कारखान्यातून टूलमेकर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे १९५१ ची शेव्हर्ले ३१०० पिकअप आहे. मूळचं २१६ क्युबिक इंचाचं इंजिन त्यांनी काढून ठेवलं, कारण त्याच्या कनेक्टिंग रॉडला बेअरिंग म्हणून बॅबिट हा मऊ मिश्रधातू ओतलेला असतो आणि त्याला तेल पूर्ण दाबाने मिळत नाही, हायवेवर ताणलं की घात होतो. त्या जागी नंतरच्या काळातलं, पूर्ण दाबाचं २३५ बसवलंय. दोन्ही सहा सिलिंडरांची एका रांगेतली, ओळख जात नाही. केबिनचे मागचे खालचे कोपरे मिठाने खाल्लेले होते. ते कापून नवा पत्रा बसवताना मी तिथे होते. वेल्डिंगचा एक टॅक, म्हणजे टिपका, इकडे, एक तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं, म्हणजे पत्रा ओढत नाही. हातोडा आणि डॉलीने, म्हणजे पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने, जोड बसवून झाल्यावर त्यांनी मला हातमोजा घालून त्यावरून हात फिरवायला लावला. उघड्या हाताला जे कळत नाही ते कापडाच्या आड कळतं, म्हणाले. हे मी आमच्या कारखान्यातल्या रंगखात्यातही शिकले आहे, पण त्यांच्या तोंडून ऐकताना वडिलांची आठवण झाली.

त्यांच्या नातवाने त्यांना सुचवलं, व्हिडिओ टाकत जा, एखादी कंपनी चाकं देईल. आजोबा नाही म्हणाले नाहीत. विचार केला आणि म्हणाले, चाकं दिली तर घेईन, पण मला सोळा इंचाची मूळची लोखंडीच हवीत, ती कुणी देणार असेल तर विचार.

रंगावरून आमचा वाद चालू आहे. त्यांना त्या काळातल्या शेव्हर्ले ट्रकांचा फॉरेस्टर ग्रीन हवाय, तोही एकाच थराचा इनॅमल, क्लिअर कोटशिवाय. मी सांगते, बेस आणि क्लिअर लावा, ऊन-मीठ सोसेल, ओरखडा पडला तर बुजवता येईल. ते म्हणतात, तो तेव्हा तसा चमकत नव्हता. मी त्यांना दोन पत्र्यांवर दोन्ही नमुने करून दिले आहेत आणि ते त्यांनी गॅरेजच्या दारावर टांगलेत. जूनमध्ये लावू म्हणतात. मी म्हटलं, हवेतला दमटपणा बघून ठरवू, नाहीतर सप्टेंबर आहेच.